स्विचांची जोडणी आणि जाळ्याचा वेग

या स्मृतिव्याख्यानासाठी काहीसा रुक्ष वाटणारा विषय मी निवडला, त्याचे कारण लिंबायतीतच आहे. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या पालकांच्या मुलांना संगणक बहुधा शाळेच्या तासिकेतच हाताळावयास मिळतो. ती तासिका पडद्यावर काही उमटण्याची वाट पाहण्यात सरली, तर मुलांचा तास बुडालाच म्हणावयाचा. पुष्कळदा दोष संगणकाचा नसतो. खोल्याखोल्यांतील स्विच एकमेकांना कसे जोडले आहेत, यात तो दडलेला असतो.

स्विच म्हणजे आलेला संदेश ज्याचा त्याच्याकडे धाडणारी पेटी. संगणक वाढले की नवी पेटी शेजारच्या पेटीला जोडली जाते आणि पाहता पाहता साखळी तयार होते. समजा, पाच स्विच आहेत, प्रत्येकावर 20 संगणक आहेत, त्यांना जोडणाऱ्या केबल सेकंदास 1 गिगाबिट वाहतात आणि सर्व्हर 10 गिगाबिटच्या दुव्याने पहिल्या स्विचला जोडलेला आहे. मागील 80 संगणकांची वाहतूक मग पहिल्या दोन स्विचांमधील एकाच केबलवर येते. साऱ्यांनी एकदम मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्यास 12.5 मेगाबिट येतात. रेल्वेखालच्या गरनाळ्यापाशी साऱ्या गल्ल्यांची वाहने एकवटावीत, तसे हे होते.

हेच पाचही स्विच स्वतंत्र केबलने एका मध्यवर्ती स्विचला जोडले व सर्व्हर त्या मध्यवर्ती स्विचवर नेला, तर वाटा 50 मेगाबिटांचा होतो. मात्र सर्व्हरचा दुवाही 1 गिगाबिटचाच ठेवला, तर मांडणी कोणतीही असो, शंभर जणांत प्रत्येकी 10 मेगाबिटच उरतात. अनेक जण पेट्यांच्या संख्येला दोष देतात. तो मला पटत नाही. 1500 बाइटांचा संदेश गिगाबिट दुव्यावर चढविण्यास सुमारे 12 मायक्रोसेकंद लागतात. एवढा विलंब कोणास जाणवणार? खरी अडचण सामाईक दुव्याची.

कोणी म्हणेल, मग दोन स्विचांमध्ये दोन केबल लावू. येथे सावध राहावे. इथरनेटच्या संदेशास आयुष्याची मर्यादा नसते. सर्वांसाठी धाडलेला संदेश अशा वर्तुळात फिरत, वाढत राहतो आणि सारे जाळे ठप्प होते. रेडिया पर्लमन या विदुषींनी 1985 मध्ये त्यावर उपाय शोधला. स्विच आपापसांत बोलून जादा वाट मिटून ठेवतात व मुख्य वाट तुटताच ती उघडतात. म्हणजे दुसरी केबल आधारास मिळते, वेगास नव्हे. वेग हवा असल्यास दोन्ही टोकांच्या स्विचांना ‘या केबल मिळून एकच दुवा’ असे सांगावे लागते. त्याचे प्रमाणक 2000 साली आले. त्यातही एका संगणकाचा एक संवाद साधारणतः एकाच केबलवरून जातो. लाभ होतो तो अनेक जण एकाच वेळी काम करीत असताना.

तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच न्यावी. इमारती त्याहून दूर असतील, तर मध्ये आणखी एक पेटी घुसडण्याऐवजी प्रकाशतंतूची केबल टाकणे मी केव्हाही श्रेयस्कर मानतो.