संगणकाची स्मृती अपुरी पडते तेव्हा

निकालाच्या दिवशी परभणीचा विद्यार्थी पडद्यावर पाहतो ते गुण दूरच्या सर्व्हरवरून येतात. त्याची स्मृती भरू लागली की चालू माहिती संथ डिस्कवर उतरवावी लागते व काम रेंगाळते. तीही जागा संपल्यास, १९९१ साली जन्मलेली लिनक्स प्रणाली बहुधा सर्वांत अधिक स्मृती व्यापणारे काम बंद पाडते व तशी नोंद ठेविते. परंतु मोठे तेच अपराधी असे नव्हे. एखादे वेळी गुणांचे भांडारच बळी पडते! म्हणून प्रथम नोंदी वाचाव्या. मग कोणते काम तासागणिक फुगते, ते पाहावे. ‘मोकळी’ स्मृती अल्प दिसली म्हणून भिऊ नये. फायलींच्या प्रतींनी अडविलेली जागा बहुतांशी परत मिळते, यास्तव ‘उपलब्ध’ हा आकडा पाहावा. घेतलेली स्मृती परत न करणारा प्रोग्राम न सुधारिता केवळ स्मृती वाढविणे, म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय.