चंदा, वर्गणी आणि मोबाइलवरची लिंक

भिवंडीत परगावचा एखादा लूम कामगार अचानक गेला, तर त्याला उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये घरी पोचवायचा खर्च बरेचदा त्याच्या भिशीतच उभा राहतो. कामगारांच्या खानावळीला इथे भिशी म्हणतात. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी वही काढतो, नावांपुढे पन्नास, शंभर, दोनशे असे आकडे पडत जातात आणि रात्रीच्या आत गाडी ठरते. मी कल्याण रोडकडच्या काही कारखान्यांचे हिशेब लिहिते, त्यामुळे अशा वह्या कधीमधी बेरजेसाठी माझ्या टेबलावर येतात. शेवटच्या पानावर खर्च मांडलेला असतो: गाडीभाडं, बर्फ, कागदपत्रं, उरलेले घरच्यांच्या हातात. हा खर्च लिहायला कुणी सांगत नाही. पण ज्यांनी पैसे दिले ते उद्या त्याच पंगतीत शेजारी बसणार असतात.

आता त्याच कामगारांच्या मोबाइलवर रोज एखादी लिंक येते. नळ्या लावलेलं बाळ, हात जोडलेली आई, आणि खाली ‘आत्ताच मदत करा’. मग टेबलाशी येऊन कुणीतरी विचारतं, “दीदी, ये सही है क्या? सौ रुपये भेजूँ?” या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही इतक्यात देता येत नाही. म्हणून हा सगळा व्यवहार चालतो कसा, ते हिशेबनिसाच्या नजरेने मांडते.

क्राउडफंडिंग म्हणजे एका कामासाठी पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवणं. आपल्याला हे नवीन नाही. दरमाणशी एक पैसा मागून देशी उद्योग उभा करायचा, हे वेड अंताजी दामोदर काळे यांनी घेतलं. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं आणि १९०८मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. पुढे १९७६मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेल्या त्या चित्रपटाचे निर्माते होते गुजरातमधले पाच लाख दूध उत्पादक शेतकरी. प्रत्येकाचे दोन रुपये. आपल्या मंडळांची वर्गणी हाही त्यातलाच प्रकार, आणि तिलाही नियम आहे: नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते.

मोबाइलने दोन गोष्टी बदलल्या. मागणारा आता जगातल्या कुणाकडेही मागू शकतो, आणि देणाऱ्याला मागणारा कधी दिसतच नाही. धामणकर नाक्यावर पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या पोराचं घर आपल्याला ठाऊक असतं. लिंकच्या पलीकडे कोण बसलंय, ते ठाऊक नसतं. त्या ओळखीची जागा कागदाने भरून काढावी लागते.

पैसे मागण्याचे मुख्य प्रकार चार. पहिला दानाचा: परत काहीच मिळत नाही. उपचार, शिक्षण, पूरग्रस्तांना मदत हे यात येतं. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो हाच, आणि केटो, मिलाप, इम्पॅक्टगुरू या ऑनलाइन मंचांची नावं त्यातूनच घरोघरी पोचली. दुसरा बक्षिसाचा: पुस्तक, चित्रपट किंवा एखादं नवं यंत्र तयार होण्याआधी पैसे द्यायचे आणि तयार झाल्यावर वस्तू घ्यायची. तिसरा कर्जाचा, चौथा भागभांडवलाचा. चारही ठिकाणी पडदा सारखाच दिसतो, बटणही सारखंच असतं. कायदा मात्र प्रत्येकाला वेगळा लागतो.

आधी दानाच्या प्रकारातला रुपया कुठून कुठे जातो ते पाहू. रुग्णाचे नातेवाईक मंचाला ओळखपत्र, निदानाचे कागद आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक देतात. तपासणी झाली की आवाहनाचं पान सुरू होतं. जमलेली रक्कम मंचाच्या व्यवस्थेत राहते आणि बिलं दाखवल्यावर थेट रुग्णालयाला किंवा रुग्णाच्या माणसांच्या खात्यात जाते. यातली पहिली वाट देणाऱ्यासाठी सर्वांत सुरक्षित.

मधल्या वाटेवर काही पैसे गळतात. पेमेंट गेटवे आपला वाटा घेतो. मंचाचं शुल्क असेल तर ते आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. ‘शून्य शुल्क’ लिहिलेल्या मंचावर देणाऱ्याकडून टिप मागतात. समजा तुम्ही हजार रुपये लिहिलेत आणि खाली दहा टक्के टिप आधीच निवडलेली असली, तर तुमच्या खात्यातून ११०० जातात. टिप देण्यात गैर काही नाही, मंच चालवायला पैसे लागतातच. पण ती आपण द्यावी, आपल्या नकळत जाऊ नये. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात रक्कम घुसडण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवलं आहे, आणि त्यात दानाची रक्कमही धरली आहे. टिपचा आकडा बदलता येतो, शून्यही करता येतो. तो पर्याय पडद्यावर शोधावा लागतो, एवढंच.

शिवाय फेसबुकवर वारंवार दिसणारी ती जाहिरात फुकट नसते. काही योजनांत प्रचाराचा खर्च जमलेल्या रकमेतूनच वळता होतो. म्हणून पैसे मागणाऱ्या कुटुंबाने सही करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: एक लाख जमले तर रुग्णालयाच्या हातात किती पडतील?

या मार्गाची ताकद किती, ते २०२१मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या दुर्मीळ आजाराने ग्रासलेल्या मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी झोलजेन्स्मा हे औषध हवं होतं, किंमत सुमारे १६ कोटी. अनोळखी लोकांनी ती रक्कम उभी केली आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचे कर माफ केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका बाळालाही लोकांच्या पैशातून हे इंजेक्शन मिळालं, पण काही आठवड्यांनी ते बाळ गेलं. देणाऱ्यांची फसवणूक कुठेच झालेली नव्हती. पैसे पूर्ण जमले, औषध मिळालं, तरी रुग्ण वाचण्याची हमी नसते. पैसे देताना हे मनात स्पष्ट असावं, म्हणजे पुढे संशयाला जागा राहत नाही.

आणि अशा प्रत्येक यशामागे न जमलेली आवाहनं पुष्कळ असतात. ज्याच्या ओळखी मोठ्या, ज्याचा फोटो चटका लावणारा, ज्याच्या घरात इंग्रजी लिहिणारं कुणी आहे, त्याचं पान पुढे सरकतं. आमच्या शांतीनगरातल्या कामगाराने गरज नेमकी मांडली, तरी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे लोकही त्याच्यासारखेच मीटरवर मजुरी घेणारे. म्हणून मी आलेल्या माणसाला आधी दुसरी दारं दाखवते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. दुर्मीळ आजारांसाठी २०२१च्या राष्ट्रीय धोरणानुसार केंद्र सरकारचंच लोकवर्गणीचं पोर्टल आहे. ही दारं ठोठावून झाली की लिंक.

मागणाऱ्याचे धोके कुणी फारसे सांगत नाही. मुलाचा फोटो, आजाराचं नाव, रुग्णालयाचे कागद एकदा इंटरनेटवर गेले की परत येत नाहीत. उद्या बरं झालेलं ते मूल शाळेत जाईल, नोकरी मागेल, लग्नाचं होईल. चेहरा न दाखवता, रुग्णालयाचं पत्र पुढे ठेवूनही आवाहन करता येतं. ‘तुमची लिंक चालवून देतो, तीस टक्के माझे’ म्हणणारे दलाल वॉर्डाबाहेर भेटतात. त्यांना नकार द्यावा. कराचाही प्रश्न आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांहून अधिक रक्कम स्वतःच्या खात्यात आली, तर प्राप्तिकर कायदा ती उत्पन्नात धरू शकतो. अपवाद आहेत, म्हणून आधी सीएला गाठावं. रक्कम थेट रुग्णालयात गेली तर हिशेब सांभाळणं सोपं जातं.

देणाऱ्यालाही कराची एक गोष्ट ठाऊक हवी. एखाद्या व्यक्तीच्या उपचारासाठी दिलेल्या पैशावर ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत, मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, जुनी करपद्धती निवडली असेल तरच, आणि दोन हजारांहून जास्त रोख दिलेली देणगी त्यात धरत नाहीत.

आता फसवणूक. सर्वांत साधी पद्धत अशी: खऱ्या आवाहनाचा फोटो उचलायचा, खालचा क्यूआर कोड बदलायचा आणि चित्र गटागटांत सोडायचं. आजारी मूल खरं, रुग्णालय खरं, खातं चोराचं. म्हणून फॉरवर्ड आलेल्या चित्रावरून पैसे पाठवू नयेत. मंचाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन ते पान शोधावं. यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोर कुणाचं नाव येतं ते वाचावं. रुग्णालयाच्या नावाने मागितलेले पैसे एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या नावावर जाताना दिसले, तर तिथेच थांबावं. रुग्णालयाचा नंबर लिंकवरून घेऊ नये, वेगळा शोधावा आणि समाजसेवा विभागाला विचारावं. आणि फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

खोटेपणा नसतानाही भांडण होतं. २०२०मध्ये दिल्लीतल्या एका ढाबेवाल्या आजोबांचा व्हिडिओ गाजला आणि मदतीचा ओघ सुरू झाला. थोड्याच दिवसांत व्हिडिओ करणाऱ्या तरुणाविरुद्ध पैशांच्या अफरातफरीची तक्रार झाली. पुढे आजोबांनीच त्याची माफी मागितली. मदत मागणारा, मदत घेणारा आणि खातेदार वेगवेगळे असले की असं होतं.

बक्षिसाच्या प्रकारात लोक स्वतःला गिऱ्हाईक समजतात, पण वस्तू अजून जन्मालाच आलेली नसते. वेल्समधल्या एका कंपनीने ‘झॅनो’ नावाच्या छोट्या ड्रोनसाठी सुमारे १२ हजार लोकांकडून २३ लाख पौंड जमवले आणि २०१५मध्ये ती बुडाली. बहुतेकांना ड्रोन मिळालं नाही. उलट ‘ऑक्युलस’च्या चष्म्यासाठी २०१२मध्ये लोकांनी २४ लाख डॉलर दिले. दोन वर्षांनी फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. सुरुवातीला पैसे देणाऱ्यांना त्यातला एक डॉलरही मिळाला नाही. त्यांनी मालकी घेतलीच नव्हती. पैसे देताना आपण दाता, गिऱ्हाईक, सावकार की भागीदार, हे ठरलेलं हवं.

भिवंडीत खरी काळजी मला उरलेल्या दोन प्रकारांची, कर्जाची आणि भागभांडवलाची, वाटते. सूत महाग, ग्रे कापडाला उठाव नाही, जुने लूम भंगारात निघतात. मग कुणीतरी म्हणतो, नवे रॅपिअर लूम टाकतोय, प्रत्येकाने पन्नास हजार द्या, महिन्याला दोन टक्के देईन. व्हॉट्सअ‍ॅपवर गट होतो, नाव ठेवतात क्राउडफंडिंग. नाव काहीही द्या, परताव्याचं आश्वासन देऊन सर्वसामान्य लोकांकडून अशा ठेवी गोळा करायला २०१९च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने मनाई आहे, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितासाठी १९९९चा एमपीआयडी कायदा आहे. ऑनलाइन कर्ज द्यायचंच असेल तर रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेल्या पी-टू-पी, म्हणजे व्यक्तीकडून व्यक्तीला कर्ज मिळवून देणाऱ्या कंपनीमार्फतच. तिथे एका कर्जदाराला एका व्यक्तीने ५० हजारांहून अधिक देता येत नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं की हमखास परताव्याची गुंतवणूक म्हणून याची जाहिरात करू नये. कर्ज बुडालं तर पैसे देणाऱ्याचेच बुडतात. शेअर्स देऊन पैसे जमवण्याचं म्हणाल तर सेबीने २०१४मध्ये त्यावर चर्चेसाठी मसुदा काढला, २०१६मध्ये उलट अनधिकृत मंचांपासून सावध राहायला सांगितलं. खासगी कंपनीला शेअर्स देण्यासाठी वर्षात दोनशेहून अधिक लोकांकडे जाता येत नाही, आणि जाहिरात तर करताच येत नाही. तेव्हा ‘शंभर रुपयांत कंपनीचे मालक व्हा’ अशी लिंक आली, तर ती कुणाला पुढेही पाठवू नका.

एवढं सगळं वाचून हात आखडता घ्यावा, असं मला म्हणायचं नाही. विचारायचं फक्त इतकंच: पैसे कुणाच्या खात्यात जाणार, बिलं कोण पाहणार, जास्त जमले किंवा रुग्ण गेला तर उरलेल्याचं काय होणार. ज्या पानावर ही उत्तरं आहेत, तिथे मी शंभर रुपये पाठवायला सांगते. जिथे नाहीत, तिथे विचारायला सांगते. विचारलं की माणूस चिडतो, ‘इथे जीव चाललाय आणि तुम्हाला हिशेब सुचतोय’ म्हणतो. पण खऱ्या गरजवंताकडे पावत्यांची पिशवी तयारच असते. ती दाखवायला त्याला लाज वाटत नाही, आणि मागायला आपल्यालाही वाटू नये.