विजेची मोटार : स्वस्ताई कोणाच्या वाट्याला?

विजेवर चालणारी मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा फार स्वस्तात धावते, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्यामागचा हिशेब तपासण्याची कोणाला गरज वाटत नाही. विक्रेते किलोमीटरला दीड-दोन रुपयांचा आकडा सांगतात. आणि गावातल्या गावात फिरून रात्री आपल्या अंगणात बॅटरी भरणाऱ्या मालकाच्या बाबतीत तो खोटाही नसतो. परंतु हीच मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघाल्यावर तो आकडा टिकतो काय, आणि टिकत नसल्यास त्याची झळ कोणाला लागते, याचा विचार मोटार घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीयाने तरी करावयास हवा.

हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. पेट्रोलची मध्यम आकाराची मोटार महामार्गावर लिटरला १६ किलोमीटर जाते व पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे असे मानले, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. डिझेलची मोटार लिटरला २० किलोमीटर व डिझेल ९२ रुपये धरल्यास ४ रुपये ६० पैसे. त्याच आकाराची विजेची मोटार, चार्जिंगमधील गळती जमेस धरून, एका युनिटात ६ किलोमीटर जाते असे समजू. घरची वीज १२ रुपये युनिट असेल तर किलोमीटरला २ रुपये. महामार्गावरील जलद चार्जिंग केंद्रात करासह २४ रुपये पडत असतील तर ४ रुपये. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून पाहावेत. आकडे थोडेफार हलतील, निष्कर्ष बहुधा हलणार नाही.

आता पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येण्याचा, म्हणजे सुमारे ४६० किलोमीटरचा, प्रवास घेऊ. निघताना बॅटरी घरी भरली आणि पहिले २०० किलोमीटर त्या विजेवर काढले, तर त्यांचे ४०० रुपये. उरलेल्या २६० किलोमीटरांसाठी बाहेरची वीज घ्यावी लागेल. तिचे १,०४० रुपये. एकूण १,४४०. पेट्रोलला याच प्रवासासाठी २,९९० रुपये लागले असते. बचत निम्म्याहून अधिक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याला घरी चार्जिंगची सोयच नाही त्याला १,८४० रुपये पडतील. आणि डिझेलवाल्याचा खर्च आहे २,११६. म्हणजे चौपट स्वस्ताईची जी अपेक्षा बाळगली होती, ती डिझेलशी तुलना करता पावणेतीनशे रुपयांवर येऊन ठेपते. प्रवास जितका लांबचा, तितका घरच्या विजेचा वाटा कमी आणि बाहेरच्या विजेचा अधिक, हे उघडच आहे.

यात भर पडते ती यंत्रशास्त्राची. पेट्रोलचे इंजिन शहरातील थांबत-रखडत चालण्यात इंधन वाया घालवते व मोकळ्या रस्त्यावर काटकसरीने चालते. विजेच्या मोटारीचे नेमके उलट आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी गती ती काही अंशी पुन्हा बॅटरीत साठवते, त्यामुळे गर्दीच्या शहरात तिची सरशी होते. महामार्गावर ब्रेक लावण्याचे प्रसंग थोडे आणि वाऱ्याचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाणारा. खंबाटकीचा उतार काही वीज परत देतो, पण चढाने घेतलेली सगळी देत नाही. सारांश, लांबचा प्रवास हा पेट्रोलचा बलाचा आणि विजेचा दुबळेपणाचा प्रांत आहे.

घरच्या विजेचा दरही वाटतो तितका सरळ नसतो. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. महिना २५० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाने हजार किलोमीटर मोटार चालवली तर १६७ युनिटांची भर पडते आणि त्यांतील ११७ युनिटे तिसऱ्या, महाग पायरीवर जातात. अर्थशास्त्रात ज्याला सीमान्त खर्च म्हणतात तो हाच : सरासरी दर पाहावयाचा नसतो, वाढीव युनिटाचा दर पाहावयाचा असतो. विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारीही दरपत्रकात आहे. पण तिचा लाभ घेण्यास वेगळी जोडणी, म्हणजे पुन्हा हक्काची जागा लागते.

खरा प्रश्न येथेच आहे. बंगल्यात राहणारा डॉक्टर घरी जी वीज घेतो तिच्यावर वस्तू व सेवा कर नाही. जुन्या इमारतीत राहणारा, रस्त्याच्या कडेला मोटार लावणारा कारकून किंवा शिक्षक सार्वजनिक केंद्रात जातो तेव्हा त्याला १८ टक्के कर भरावा लागतो. वीज एकच, मोटार एकच. फरक पडतो तो केवळ अंगण असण्या-नसण्याचा. विजेची मोटार तीन लाख रुपयांनी महाग पडते असे मानले आणि वर्षाला १२,००० किलोमीटर धरले, तर वरील दरांनी घरी चार्ज करणाऱ्याचे जादा पैसे सुमारे साडेपाच वर्षांत वसूल होतात. केवळ सार्वजनिक केंद्रावर अवलंबून असणाऱ्याला दहा वर्षे लागतात. आणि बॅटरीची हमी तर सामान्यतः आठ वर्षांची असते. कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही.

शासनाने मदत केली नाही असे नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना पथकर माफ झाला. द्रुतगती मार्गाचा मोटारीचा पथकर १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे. मुंबई-पुणे हे दीडशे किलोमीटर घरच्या विजेवर ३०० रुपयांत होतात. म्हणजे सवलत ही विजेच्या खर्चाहून मोठी झाली! पण तिचा लाभ मोटार आधीच परवडलेल्यांना मिळतो, आणि तो विजेचा गुण नसून तिजोरीची कृपा आहे.

त्यापेक्षा तीन गोष्टी अधिक न्याय्य ठरतील. सार्वजनिक चार्जिंगवरील कर कमी करावा. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमांत बदल करून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविली, ती नव्या इमारतींपुरती न ठेवता जुन्या गृहनिर्माण संस्थांनाही सामाईक जोडणीसाठी अर्थसाहाय्य द्यावे. आणि पेट्रोलपंपावर जसा दराचा फलक असतो, तसा प्रत्येक चार्जिंग केंद्रावर करासह युनिटाचा दर ठळकपणे लावणे सक्तीचे करावे. मोबाइलवर शोधल्याशिवाय किंमत कळू नये, हे ग्राहकाच्या हिताचे नाही.

तोवर मोटार घेणाऱ्याने विक्रेत्याला ती एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते हे अवश्य विचारावे; पण त्याआधी स्वतःला विचारावे की, रात्री ती कोणत्या प्लगला लावणार? या प्रश्नाला उत्तर असेल तर विजेची मोटार लाभाची आहे. नसेल तर, निदान आजच्या दरांत, ती स्वस्ताई दुसऱ्यांसाठी आहे.