भट्टीचा हंगाम आणि कायद्याचे दोन महिने

दिवाळी सरली की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी कोळसा पाडायला. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फेडून माणसे परततात ती आगोटीच्या तोंडावर, सहा-सात महिन्यांनी. काही मुले आईबापांबरोबर जातात, काही आजीकडे किंवा नातलगांकडे राहतात. या वाड्यांतून हिंडताना आणि बालकल्याणाचे कायदे आपले आपण वाचताना जी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती इथे मांडतो.

मुलांचा व्यापार म्हटले की पळवून नेलेले मूल डोळ्यांसमोर येते. परंतु या व्यवहाराला पुष्कळदा सही-शिक्क्याचा कागद जोडलेला असतो. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८४ मध्ये न्या. भगवती यांनी दत्तकाची पहिली सविस्तर चौकट घालून दिली. तरीही पुण्याच्या ‘प्रीत मंदिर’ संस्थेवर गरीब आयांकडून मुले सोडवून घेतल्याचे आणि परदेशी दांपत्यांकडून जादा पैसे उकळल्याचे आरोप झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१० मध्ये सीबीआयने या प्रकरणी गुन्हा नोंदवला. ही संस्था सरकारमान्य होती, हे विसरता येत नाही.

आजचा कायदा, म्हणजे २०१५ चा बाल न्याय कायदा, वरकरणी भक्कम आहे. मूल सोडायचे तर पालकाने जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे यावे लागते. समिती चौकशी व समुपदेशन करते, मगच सोडपत्र होते. त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. बेवारस सापडलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घ्यावा लागतो, वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते. मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिन्यांत आणि मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळे ठरवता येते. मूल विकणाऱ्याला वा विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

आता हे महिने भट्टीच्या हंगामाशेजारी ठेवून पाहा. कार्तिकात कोणी आईचा अंगठा घेतला, तर तिची फेरविचाराची मुदत पौषात संपते. तेव्हा ती परजिल्ह्यात विटा थापत असते आणि उचल फिटेपर्यंत तिला तिथून निघता येत नाही. नातलगांकडून हरवलेल्या मुलाची जाहिरात अलिबागला छापून आली, तरी वाचता न येणाऱ्या बापापर्यंत ती भट्टीवर पोहोचणार कशी? ज्या मुलाचा जन्मदाखलाच नाही, ते कोणाचे हे सिद्ध करणे त्याहून अवघड. लबाडी करणाऱ्याला यात कायदा मोडावाही लागत नाही. त्याने नुसते दिवस मोजले तरी पुरे.

आणखी एक फसवणूक गावपातळीवर होऊ शकते. स्टँपपेपरवर ‘मूल दत्तक दिले’ असे लिहून घेतले की काम झाले, असा समज आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा केंद्राच्या अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही आणि कातकरी ही अनुसूचित जमात आहे. त्या कायद्याचे नाव घेऊन केलेल्या अशा कागदाला आधार उरत नाही. पण हे त्या आईला सांगणार कोण?

ही भीती काल्पनिक नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मेंढपाळांकडे राबायला नेल्याचे उघड झाले, तेही दहा वर्षांच्या एका मुलीचा जीव गेल्यावर. तिथे तर कागदाचीही गरज पडली नव्हती.

उपाय फार खर्चाचे नाहीत. अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांना कोणते कुटुंब कुठल्या भट्टीवर गेले हे बहुधा ठाऊक असते. त्याची नोंद ग्रामपंचायतीत राहावी. समितीने मूल मोकळे ठरवण्यापूर्वी ती नोंद मागवावी आणि नोटीस भट्टीवर जाऊन वाचून दाखवावी. स्थलांतरित पालकांची मुदत ते वाडीवर परतल्यापासून मोजावी. त्यासाठी नियमात एक ओळ वाढवावी लागेल. यंदाचे ट्रक आता निघतील. ती नोंद ठेवायला हाच महिना योग्य आहे.