आवाक्याबाहेरचे आणि हाकेच्या अंतरावरचे

मूल एकट्याने काय करू शकते एवढेच पाहून त्याच्या कुवतीचा अंदाज बांधण्याची रीत शाळांत आणि घरांत इतकी मुरलेली आहे की, तिच्यामुळे निम्मे चित्र नजरेआड राहते हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी नेमके यावरच बोट ठेवले. चाचणीनुसार दोन मुलांचे मानसिक वय आठ वर्षे ठरले, पण पहिली पायरी दाखवणे किंवा सूचक प्रश्न विचारणे एवढी मदत मिळताच एकाने बारा वर्षांच्या मुलांसाठीचे प्रश्न सोडवले आणि दुसरा नऊ वर्षांच्या पातळीपुढे गेला नाही, तर या दोघांना सारखेच म्हणता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. एकट्याने जमणारे आणि जाणत्याच्या मदतीने जमणारे यांच्यामधल्या या पट्ट्याला त्यांनी ‘समीप विकासाचे क्षेत्र’ म्हटले. शिकवण्याचा खरा उपयोग याच पट्ट्यात होतो, कारण त्याच्या अलीकडचे मुलाला येतच असते आणि पलीकडचे कितीही समजावले तरी डोक्यावरून जाते.

वायगॉट्स्की क्षयाने वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारले, १९३६ नंतर सोव्हिएत राजवटीत त्यांचे लेखन दडपले गेले आणि ‘विचार आणि भाषा’ या त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९६२ साली निघाला. समीप विकासाच्या क्षेत्राची कल्पना त्यांनी मोजक्याच पानांत मांडली होती, त्यामुळे मदत नेमकी कशी करावी याचा तपशील पुढच्या संशोधकांना भरावा लागला.

तो डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांच्या १९७६ सालच्या अभ्यासात पाहायला मिळतो. तीन, चार आणि पाच वर्षांच्या तीस मुलांना लाकडाचे एकवीस ठोकळे देऊन, खुंटी आणि खाच जुळवत, त्यांचा पिरॅमिड रचायला सांगितले होते. त्याच वेळी त्यांना मदत करणारी मार्गदर्शक कोणत्या क्षणी काय करते याची नोंद होत होती. सर्वांत लहान मुलांना ठोकळ्यांशी खेळण्याचाच मोह होई, त्यामुळे तिचा बहुतेक वेळ त्यांना कामाकडे वळवण्यात जाई. चार वर्षांच्यांना कुठे चुकले ते शब्दांत सांगितले की पुरे होई. पाच वर्षांची मुले बरोबर झाले का, एवढेच तिच्याकडून पडताळून घेत. विशेष म्हणजे, तीन वर्षांच्या मुलांना स्वतः जोडणी जमली नाही तरी बरोबर जोडलेले ठोकळे ओळखता येत होते, म्हणजे समज हाताच्या पुढे धावत होती. अशा मदतीला या संशोधकांनी बांधकामावरच्या परांचीचे नाव दिले, कारण काम उभे राहीपर्यंत ती आधार देते आणि नंतर उतरवली जाते.

परांची उतरवणे हाच या पद्धतीचा सर्वांत अवघड भाग आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी सोपा नियम सांगितला: शिकणारा अडला की मदत एक पायरी वाढवावी, त्याला जमले की एक पायरी कमी करावी. दुसरीतल्या मुलाने ५२ मधून ३८ वजा करून २६ लिहिले, तर त्याने आठातून दोन काढले, म्हणजे लहान अंक मोठ्यातून वजा करण्याची सवय इथे आड आली, हे शिक्षकाने आधी ओळखायला हवे. मग ‘दोन सुट्यांतून आठ काढता येतील का?’ एवढे विचारावे. तेवढ्याने भागले नाही तर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवून ‘आता आणखी सुट्या कुठून मिळतील?’ असे विचारावे. तरीही अडले तर एका गठ्ठ्याचे रबर त्याच्याच हाताने काढायला लावून बारा सुट्या मोजून घ्याव्यात. पुढच्या उदाहरणाला मात्र गठ्ठे नुसते पुढे ठेवावेत, नाहीतर मूल वजाबाकी न शिकता गठ्ठा सोडायला सांगणाऱ्याची वाट पाहायला शिकते. उत्तर सांगून टाकणारा आणि ‘तुझे तूच कर’ म्हणून दूर होणारा, दोघेही मूल कुठे अडले हे पाहतच नाहीत, म्हणून दोघांची मदत सारखीच निरुपयोगी ठरते.

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला अशी मदत कशी पुरवायची, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. त्यावरचा एक आजमावलेला मार्ग अ‍ॅनमरी पॅलिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली दाखवला: वाचलेल्या उताऱ्यावर प्रश्न काढणे, त्याचा सारांश सांगणे, न कळलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, ही कामे शिक्षक आधी स्वतः करून दाखवतो आणि मग गटातली मुले पाळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात.

वायगॉट्स्कींचे विचार आज केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहेत, पण मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्यांचा मागमूस सहसा आढळत नाही. शिक्षकांनी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांनी गुणांच्या शेजारी ‘एकट्याने जमले’, ‘एका प्रश्नानंतर जमले’, ‘करून दाखवल्यावर जमले’ अशी साधी नोंद ठेवावी आणि पुढचा धडा त्या नोंदीवरून ठरवावा.