खिडकीवरचे सात थर

दिवाळी आली की आपल्याकडे घराघरांतून रंगाचे डबे निघतात. पुण्याला आमच्या वाड्यात तर नवरात्र संपले की रंगारी यायचा. तो येण्याआधी वडील स्वतः पत्र्याची पट्टी घेऊन दारे-खिडक्यांवरचा जुना रंग खरवडायला बसत. आम्ही मुले खाली पडलेले हिरवे-निळे पापुद्रे गोळा करून त्यांचा भातुकलीत ‘भात’ करीत असू. तो उद्योग किती आनंदाचा होता! त्या आनंदाचा दुसरा अर्थ मला कळला तो सातासमुद्रापलीकडे, फिलाडेल्फिया शहरात, स्वतःच्या पोटच्या मुलीच्या बोटातून रक्ताचा थेंब काढलेला पाहिला तेव्हा.

२०२२ च्या वसंतात आम्ही तेथे घर घेतले. आमची चिमणी तेव्हा सात महिन्यांची होती. घर १९१५ सालचे. शहराच्या पश्चिम भागात अशी घरे रांगेने उभी आहेत. दोन घरांत एकच भिंत, पुढे छोटीशी ओसरी, वर-खाली तीन मजले आणि खाली तळघर. ओसरी पाहताच मला माहेर आठवले आणि किंमत पाहताच ह्यांचा जीव भांड्यात पडला. नव्या घरांच्या मानाने ती बरीच कमी होती. अर्थात स्वस्ताईचे कारण आत गेल्यावर कळले. भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर थापलेला चुन्याचा गिलावा. तो हात लावला की पोकळ वाजे. विजेच्या तारा चिनी मातीच्या गोट्यांवरून नेलेल्या. आणि अकरा खिडक्या, त्यांपैकी सात रंगाने अशा चिकटलेल्या की उघडायला दोन माणसे लागत.

त्या खिडक्यांची रचना मोठी गमतीची. तावदानाची चौकट वर-खाली सरकते. तिच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेला असतो, तो कप्पीवरून आत जातो आणि भिंतीतल्या पोकळीत त्याला लोखंडी वजन लटकते. एका हाताने खिडकी वर केली की ती तेथेच राहते. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराची ही करामत पाहून हे इतके खूष झाले, की नव्या खिडक्या बसवायच्या नाहीत, ह्याच पुन्हा चालत्या करायच्या असे त्यांनी ठरवून टाकले. गडी लावायला पैसे नव्हते. ह्यांचे हात मात्र शिवशिवत होते.

घर विकत घेताना आमच्या हाती एक पुस्तिका ठेवली गेली होती. अमेरिकेत १९९६ पासून असा नियम आहे, की १९७८ पूर्वीचे घर विकताना त्यातल्या रंगात शिसे असल्याची माहिती असेल तर ती सांगायची, शिशाविषयीची पुस्तिका द्यायची आणि तपासणीसाठी दहा दिवसांची मुदत द्यायची. विकणाऱ्याने ‘माहिती नाही’ असे लिहून दिले. आम्ही सह्या केल्या. पन्नास कागदांवर सह्या करणाऱ्याला एक्कावन्नावा कागद वाचायचे त्राण कुठले? दहा दिवसांची मुदत आम्ही सोडून दिली आणि पुस्तिका कपाटाच्या खणात गेली.

त्या वर्षी दिवाळीला सासूबाई आणि मामंजी येणार होते. लक्ष्मीपूजन चोवीस ऑक्टोबरला होते. त्याआधी निदान दिवाणखान्याच्या चार खिडक्या तयार व्हायलाच हव्यात असे ह्यांनी मनावर घेतले. सप्टेंबरात चिमणीचा पहिला वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच शनिवारपासून यंत्राने रंग घासायला सुरुवात झाली. घरभर बारीक पांढरी धूळ उडे. मी रोज संध्याकाळी झाडून काढी. चिमणी तेव्हा नुकती धरून उभी राहू लागली होती. उभे राहायला तिला सर्वांत सोयीची जागा कोणती? खिडकीची फळी! बरोबर तिच्या हनुवटीपर्यंत येणारी. दोन्ही हातांनी ती धरायची, बाहेरच्या खारी पाहायची आणि फळीलाच तोंड लावायची. मी ह्यांना कौतुकाने म्हटलेसुद्धा, ‘‘बघा, तुमच्या खिडकीवर हिचं किती प्रेम आहे!’’

आमच्या शेजारी एक सत्तरी उलटलेल्या कृष्णवर्णीय आजी राहतात. जन्मापासून त्याच रस्त्यावर. एका रविवारी ओसरीवर तोंडाला रुमाल बांधून यंत्र चालवणाऱ्या ह्यांना पाहून त्या काठी टेकत आल्या. ‘‘ते यंत्र आधी बंद कर,’’ त्या ह्यांना म्हणाल्या. मग माझ्या कडेवरच्या चिमणीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, ‘‘हिचं रक्त तपासलंय का?’’

मी म्हटले, ‘‘हिला काही झालेलं नाही.’’

‘‘माझ्या धाकट्या भावालाही काही झालेलं नव्हतं,’’ त्या म्हणाल्या. त्यांचा भाऊ लहानपणी खिडकीवरच्या रंगाचे पापुद्रे खायचा. ते गोड लागतात म्हणे. दिसायला धट्टाकट्टा मुलगा, पण शाळेत गेल्यावर अक्षर डोक्यात राहीना. पुढे आयुष्यभर त्यांनीच त्याला सांभाळले. हे सारे त्यांनी कोरड्या आवाजात सांगितले आणि काठी टेकत परत गेल्या.

त्या रात्री कपाटातली ती पुस्तिका बाहेर निघाली.

वाचकहो, रंगात शिसे यावे कुठून असे मलाही वाटले होते. पण पूर्वी उत्तम पांढरा रंग म्हणजे सफेदा आणि सफेदा म्हणजे शिशाचाच क्षार. त्याने रंग टिकतो, चकाकतो, पाण्याला दाद देत नाही. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फिया हे तर सफेदा बनवण्याचे मोठे केंद्रच होते. आपल्या मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच लेणे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल ते कितीतरी जास्त शोषून घेते, आणि त्याचा मेंदू तर त्याच वेळी घडत असतो. पापुद्रे खायलाच हवेत असेही नाही. खिडकी वर-खाली करताना घासून पडणारी धूळ हाताला लागते, हात तोंडात जातो, एवढे पुरे.

आणि हे काही कालपरवा कळलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी १९०४ मध्येच लिहून ठेवले होते, की मुलांना होणाऱ्या विषबाधेचे मूळ घराच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि भिंतींत आहे. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घराच्या आतल्या रंगात सफेदा वापरू नये असा करार केला. अमेरिका त्यात सामील झाली नाही. तेथे घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. आमचे घर तोवर त्रेसष्ट वर्षांचे झाले होते!

सोमवारी आम्ही चिमणीला डॉक्टरांकडे नेले. बोटाच्या थेंबात आकडा आला अकरा. बोटाला धूळ लागलेली असली तर आकडा फुगतो, म्हणून शिरेतून पुन्हा रक्त काढले. आला नऊ. एका डेसिलीटर रक्तात नऊ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ पासून लक्ष देण्याची रेषा साडेतीनवर आणली आहे.

मी विचारले, ‘‘औषध काय द्यायचं?’’

डॉक्टर म्हणाल्या, ‘‘औषध आहे ते पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्यांसाठी. तुमच्यासाठी औषध एकच. शिसं घरातून काढा.’’

त्या दिवशी हे घरी आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. शनिवार-रविवार ज्या हातांनी मुलीसाठी म्हणून खिडक्या घासल्या, त्या हातांकडे पाहत. मी त्यांना दोष दिला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. दिला. मोठ्याने दिला. मग आठवले की ती धूळ कोरड्या झाडूने घरभर पसरवणारी मीच होते. त्या रात्री दोघेही झोपलो नाही. पहाटे ह्यांनी एका मित्राला फोन केला आणि उजाडता उजाडता चिमणीला घेऊन आम्ही त्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेलो.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई आणि मामंजी उतरले ते त्या फ्लॅटमध्ये. दिवाळीही तेथेच झाली. शहराच्या आरोग्यखात्यातली परिचारिका भेटायला आली. तिने विचारले, ‘‘भारतातून आणलेली हळद, शेंदूर, सुरमा घरात आहे का?’’ सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘‘आमच्या घरी दळलेल्या हळदीवर संशय?’’ परिचारिकेने शांतपणे समजावले, की काही ठिकाणी हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तीत शिशाचा रंग मिसळतात आणि काही सुरम्यांतही शिसे असते. सासूबाई दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी त्यांनी स्वतःच हळदीचा डबा माझ्यापुढे ठेवला. ‘‘ने तपासायला. आपण शुद्ध आहोत म्हणायला पुरावा असलेला बरा.’’ हळद निर्दोष निघाली. देवाच्या शेंदराची डबी मात्र त्यांनी आपल्या पिशवीत घातली आणि पुन्हा काढली नाही.

त्याच रात्री त्या मला म्हणाल्या, ‘‘लोहाची आणि कॅल्शियमची कमतरता असली तर अंगात शिसं जास्त मुरतं, असं ती बाई म्हणाली ना? मग नाचणीचं सत्त्व कशासाठी असतं?’’ दुसऱ्या दिवसापासून चिमणीला नाचणीचे सत्त्व, खजूर आणि पालेभाजी सुरू झाली. शास्त्र आणि सासूबाई एकाच बाजूला उभ्या असल्याचे दृश्य मी प्रथमच पाहत होते.

इकडे घरात तपासनीस आला. पिस्तुलासारखे यंत्र लाकडावर टेकवले की आतल्या थरांतले शिसे त्याला कळते. खिडक्या, उंबरे, जिन्याचा कठडा, सगळीकडे शिसे. एका खिडकीचा टवका काढून त्याने मला थर मोजून दाखवले. सात! वरचे दोन निर्दोष, खालचे पाच विषारी. मग शिकलेले कारागीर आले. अमेरिकेत २०१० पासून अशा जुन्या घरांत पैसे घेऊन काम करणाऱ्याला त्याचे रीतसर शिक्षण घ्यावेच लागते. स्वतःच्या घरात स्वतः काम करणाऱ्याला मात्र हा नियम लागू नाही, आणि आम्ही नेमके त्याच फटीतून पडलो होतो.

त्यांची कामाची रीत मी दारातून पाहिली. खोली प्लास्टिकने बंद. लाकूड आधी पाण्याने ओले करायचे, मगच खरवडायचे. धूळ ओढायला अतिसूक्ष्म कणही अडवणारा खास व्हॅक्यूम क्लीनर. मग सारे ओल्या फडक्याने पुसायचे, आणि शेवटी फरशीवरची धूळ प्रयोगशाळेत पाठवायची. चार खिडक्या वाचल्या, सात काढाव्या लागल्या. नव्या स्वयंपाकघरासाठी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. जुन्याच ओट्यावर मी आजही पोळ्या लाटते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये चिमणीचा आकडा सहा आला. जूनमध्ये चार. दुसऱ्या वाढदिवसाला तीन. तो कागद घेऊन मी प्रथम शेजारच्या आजींच्या ओसरीवर गेले. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि माझ्या हातावर नुसते थोपटले.

आज चिमणी चार वर्षांची आहे. मराठी-इंग्रजीची खिचडी करून अखंड बडबडते. डॉक्टर म्हणतात, सगळे छान आहे. पण शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे विज्ञानाने कुठेच सांगितलेले नाही. एखादा शब्द तिला आठवेनासा झाला, की माझ्या पोटात खड्डा पडतो. इतर आया म्हणतात, ‘‘मुलं विसरायचीच!’’ मीही हसून तसेच म्हणते.

फिलाडेल्फियातच जन्मलेले हर्बर्ट नीडलमन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांनी ह्या शहरातल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले, त्यांतले शिसे मोजले आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केले, की शहरातल्या जुन्या वस्तीतल्या मुलांच्या दातांत ते उपनगरांतल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. पुढे १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या शाळकरी मुलांचे दात तपासून त्यांनी दाखवले, की वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांच्याही बुद्धीवर आणि एकाग्रतेवर शिशाचा परिणाम होतो. आपण पडलेला दात कौलावर टाकतो. त्या दातात मुलाच्या घराचा इतिहास लिहिलेला असतो, हे आपल्या गावी नसते.

आपल्याकडेही २०१७ पासून घरगुती रंगात शिशाला दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा आहे. नवा डबा घेताना तेवढे पाहता येते. पण भिंतीवरचे जुने थर कायद्याने आपोआप उतरत नाहीत. म्हणून ह्या दिवाळीला एवढेच मागणे आहे. जुन्या दारे-खिडक्यांचा रंग कोरडा घासू नका, ओला करून काढा. काम चालू असता मुलांना आणि गरोदर बायकांना त्या खोलीपासून, जमल्यास घरापासूनही, दूर ठेवा. धूळ झाडू नका, पुसा. मुलांचे हात जेवणाआधी धुवा. आणि त्या रंगाऱ्यालाही सांगा. त्याचीही मुले घरी वाट पाहत असतात आणि तो कपड्यांवर तीच धूळ घेऊन जातो.

वाचलेल्या चार खिडक्या आता एका बोटाने वर जातात. गेल्या वर्षी त्यांतल्या एकीच्या फळीवर चिमणीने स्वतःच्या हाताने पणती ठेवली. आता तिची हनुवटी फळीच्या बरीच वर येते. ह्यांनी तिचे हात धुतले, मग माझ्याकडे पाहिले आणि स्वतःचेही पुन्हा एकदा धुतले.