रूपकुंडची हाडे कोणाची?

उत्तराखंडात पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या रूपकुंडाच्या काठी शेकडो माणसांची हाडे विखुरलेली आहेत. १९४२ साली ती उजेडात आली, तेव्हापासून तर्कांना तोटा नाही: जपानी सैनिक, वाट चुकलेली फौज, नंदादेवीच्या यात्रेला निघालेला कनौजचा राजा. पुढे काही कवट्यांवर वरून बसलेल्या, न भरलेल्या जखमा दिसल्या आणि सारे एकाच गारपिटीत गेले, ही कथा पक्की होऊन बसली. त्यांतल्या काहींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतो, असेही तेव्हा सांगितले गेले. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. आई, आजी, पणजी एवढीच ओळ तो दाखवतो, बाकीच्या पूर्वजांबद्दल गप्प राहतो. त्यावरून जात सांगणे म्हणजे शितावरून भाताची नव्हे, शेतमालकाची परीक्षा करणे.

२०१९ साली ३८ जणांच्या हाडांतून जनुकसंचभर पसरलेल्या खुणा वाचल्या गेल्या आणि एका घटनेची कथा मोडली. २३ जण भारतीय उपखंडातल्या वंशावळीचे निघाले, तेही एका जमातीचे नव्हेत. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, म्हणजे फौजेचा तर्क लटका पडला. १४ जणांचे जवळचे साम्य आजच्या ग्रीस आणि क्रीटमधल्या लोकांशी, तर एक जण आग्नेय आशियाई. कार्बन कालमापनानुसार पहिला गट सातव्या ते दहाव्या शतकांतला, बाकीचे त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी आलेले.

प्रयोगशाळेत नमुन्यांची सरमिसळ झाली असेल, ही शंका रास्तच आहे. पण आहाराचा पुरावा डीएनएवर अवलंबून नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी खाणाऱ्याच्या हाडांत कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण गहू-तांदूळ खाणाऱ्यापेक्षा वेगळे उतरते. उपखंडातल्या गटात हे प्रमाण माणसागणिक बदलते. भूमध्यसागरी गटात ते एकसारखे आहे आणि त्यात अशा भरड धान्याची खूण नाही. मग हे सिकंदराच्या सैनिकांचे वंशज असतील का? दोन हजार वर्षे इथे राहिलेल्यांत स्थानिक रक्त मिसळल्याशिवाय राहत नाही, आणि यांच्यात ते दिसत नाही.

गारपिटीचा तर्क यामुळे खोटा ठरत नाही. मात्र जखमी कवट्या कोणत्या गटातल्या, हे कवटीगणिक तपासावे लागेल. आणि पूर्व भूमध्यसागराकडची माणसे १८००च्या आसपास नंदादेवीच्या वाटेला का लागली, हे डीएनए सांगणार नाही. त्यासाठी त्या काळचे प्रवासाचे आणि सरकारी दप्तरातले कागद चाळावे लागतील.